ज्युलियसची रात्र

वसईजवळच्या नंदाखाल गावात निम्म्या लोकांनी रोझमेरी टीचरच्या हातचा मार खाल्लेला आहे. आता ती पोरं पोट सुटलेली झाली, कुणी मुंबईला बँकेत, कुणी बोटीवर. पण रस्त्यात टीचर दिसली की हातातली सिगारेट अजून आपोआप पाठीमागे जाते. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मग आईला कोण बघणार? तुम्ही?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे. मराठी शाळेत हयात घालवली, आईचं म्हातारपण काढलं, घरामागची केळी स्वतः राखली. तोंडाची फटकळ, पण कुणाच्या घरी अडलं-नडलं की सगळ्यांत आधी हीच पोचलेली असायची.

तिचा भाऊ ज्युलियस पायदळात होता. आपली फौज श्रीलंकेत गेली होती तेव्हा तो तिथेच मारला गेला. देह काही आला नाही, तिकडेच त्याला माती दिली. आधी तार आली, मग त्याची काळी ट्रंक आली, आणि काही महिन्यांनी बळीराम रजेवर आला. बळीराम त्याच आळीतला, त्याच पलटणीतला. दोघं भरतीलाही एकाच बसने गेले होते. तो ओटीवर उभ्या उभ्याच आईला म्हणाला, "मावशी, गोळी डोक्यात लागली. त्याला कळलंसुद्धा नाही." दिलेलं पाणी न पिताच तो गेला, आणि त्यानंतर त्या घराची पायरी त्याने चढली नाही. आईने मात्र ते एक वाक्य उशाशी धरून उरलेलं आयुष्य काढलं. कुणाच्याही मयताला गेली की सांगायची, माझ्या ज्युलियसला कळलंसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तीही ते खरं मानूनच गेली.

रोझमेरीने मानलं होतं का? मानलं होतं, म्हणजे मनाला तसं बजावलं होतं. पण एक माणूस गावातल्या गावात पस्तीस वर्षं तोंड चुकवतो, बाजारात ही दिसली की घेतलेली वांगी तशीच टाकून पलीकडे निघून जातो, ते काय उगाच? तिला ते सलत होतं. आई होती तोवर तिने ते सलणं दाबून ठेवलं.

मग जवळच्या बोळिंजची क्षितिजा आली. चुणचुणीत मुलगी, सोसायटीत वाढलेली, एका ग्रंथालयासाठी वसई-विरारमधल्या जुन्या फौजींच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपत हिंडणारी. फौजी तिला भेटत, चहा पाजत, पण बोलायला लागले की परेडवर उभं राहिल्यासारखे बोलत. बळीरामचं रेकॉर्डिंग दोनदा झालं होतं. ज्युलियसचा फोटो मागायला ती रोझमेरीकडे आली आणि सहज बोलून गेली, "टीचर, काकांचं काहीतरी मॅच होत नाहीये. दोन्ही वेळा सेम टू सेम सांगितलं, ज्युलियस अंकल संध्याकाळीच गेले. आणि दुसऱ्यांदा मध्येच म्हणाले, त्या दिवशी रात्रभर मी त्याच्याशी वायरलेस सेटवर बोलत होतो. मी विचारलं, रात्रभर कसे? तर पाणी मागितलं आणि विषयच बदलला."

रोझमेरी फोटो शोधता शोधता थांबली. मेलेल्या माणसाशी रात्रभर कोण बोलतं?

"त्याला घरच्या बोलीत बोलायला लाव," ती म्हणाली. "मराठी ही त्याची भाषणाची भाषा. दर सव्वीस जानेवारीला शाळेत तेच म्हणून दाखवतो. आपल्या बोलीत त्याचं पाठांतर चालायचं नाही."

"पण तुमची बोली मला कुठे येते?"

"मला येते ना. मी बसते शेजारी. तो बोलेल, मी तुला मराठीत सांगेन."

क्षितिजा खूश झाली. आपण कुठली दोन माणसं एका खोलीत कोंडतोय, हे त्या बिचारीला काय ठाऊक!

ठरल्या दुपारी बळीरामच्या घराच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, बागेतली पाण्याची मोटारही बंद केली, कारण क्षितिजाच्या यंत्राला नको ते सगळं ऐकू जातं. ऑक्टोबरचा उकाडा, जीव नुसता उकडून निघत होता. बळीराम शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि रोझमेरीला बघून उंबऱ्यातच थबकला.

"हिला कुणी बोलावलं?" त्याने बायकोला विचारलं. यमुना सरबताचे पेले घेऊन उभी होती, ती काय सांगणार.

"मीच, काका," क्षितिजा म्हणाली. "तुमची बोली मला समजावून सांगायला."

"मग राहू दे. मराठीतच सांगतो मी. परत सांगतो."

"बस, बळीराम," रोझमेरी म्हणाली. आवाज शाळेतला. फौजेत जवानी काढलेला माणूस निमूट खुर्चीवर टेकला. यंत्रावरचा तांबडा दिवा लागला.

पुढे तो बोलला ते कादोडीत, म्हणजे त्यांच्या त्या घरच्या बोलीत. ती बोली कागदावर ओतायला गेलं तर निम्मी बाहेर सांडते, तेव्हा इथे ते साध्या मराठीतच सांगितलेलं बरं.

सुरुवातीला तो खुलला. तिथला मुलूख अगदी आपल्यासारखा, म्हणाला. तशीच केळी, तशीच भातशेती, माड नाहीत तिथे ताड. समोरची माणसं वायरलेसवरचं आपलं हिंदी चोरून ऐकायची. तेव्हा साहेबाने डोकं चालवलं. सेटच्या एका टोकाला ज्युलियसला बसवलं, दुसऱ्याला बळीरामला, आणि सांगितलं, तुमच्या गावच्या भाषेत बोला. ती भाषा शत्रूला कळेना, पण गंमत अशी की साहेबालाही कळेना. बळीराम जे सांगेल तेच ज्युलियस बोलला, असं सगळी पलटण धरून चालायची. रोझमेरी एकेक वाक्य मराठीत सांगत होती, क्षितिजा हसत होती, लिहून घेत होती.

"आणि त्या संध्याकाळी?" रोझमेरीने विचारलं. हा प्रश्न क्षितिजाचा नव्हता.

बळीरामने रुमालाने मान पुसली. "गोळी डोक्यात..."

"आई गेली, बळीराम. आता कुणाला जपतोस? मला? मी साठीला टेकले."

यमुना दाराला धरून उभी होती, तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

"पोटात लागली होती," तो म्हणाला.

"टीचर?" क्षितिजाने हळूच विचारलं. तेव्हा रोझमेरीने सांगितलं, "गोळी पोटात लागली होती, म्हणतो." आपलाच आवाज तिला परका वाटला.

शेतापलीकडे एक ओसाड घर होतं. ज्युलियस आणि आणखी एक जवान सेट घेऊन तिथे टेहळणीला गेले होते. काळोख पडायच्या सुमाराला गोळीबार सुरू झाला. परतताना बरोबरचा गडी बांधावरच्या सुरुंगावर गेला, जागच्या जागी संपला. ज्युलियस सरपटत त्या घरात परत शिरला आणि सेटवर आला. म्हणाला, "बळी, मला पोटात लागलंय. साहेबाला सांगू नको. सांगशील तर तो माणसं धाडेल, आणि त्या बांधावर सगळे मरतील. तू सांग की मी ठीक आहे."

"मग?"

"साहेबाने विचारलं, क्या बोल रहा है? मी म्हटलं, ठीक है, साब, उजेड होते ही रास्ता देखके आएगा."

रोझमेरीने हेही क्षितिजाला सांगितलं. गाळलं काही नाही. मनात मात्र तिला भावाचा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली. असाच होता तो. अंगात ताप असताना आईला पत्ता लागू द्यायचा नाही. तिला वाटलं, झालं, एवढंच होतं तर. एवढ्यासाठी या माणसाने आयुष्यभर तोंड लपवलं? ती आता त्याला म्हणणारच होती, अरे वेड्या, हे आम्हाला सांगायचं होतंस.

पण बळीरामचं संपलं नव्हतं.

"रात्रभर बोलत होता. मध्ये मध्ये शुद्ध जायची, परत यायचा. आणि पहाटे, तांबडं फुटायच्या जरा आधी, त्याचा धीर सुटला, रोझी. म्हणाला, बळी, ये रे आता. मला ने. मला इथे नाही मरायचं. मला ने, मला ने, तेच लावलं. साहेब शेजारी चहाचा मग घेऊन बसलेला. म्हणाला, अब क्या बोल रहा है?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, गाना गा रहा है, साब."

यंत्रावरच्या तांबड्या दिव्याकडे बघत तो पुढे बोलत राहिला.

"साहेब हसला. मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो, मी चार माणसं वाचवली. तसं नाही ते. सांगितलं असतं तर साहेब पहिलं मलाच म्हणाला असता, तुझा दोस्त आहे, तू जा. मी घाबरलो. त्याचा आवाज बंद होईपर्यंत सेट कानाला लावून बसलो आणि जागचा उठलो नाही. उजाडल्यावर वाट मोकळी करून गेलो. साहेबाने त्याचं पोट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं."

रोझमेरीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात शिवशिवले तिचे, खरंच. आईच्या त्या वाक्याचा, स्वतःच्या पस्तीस वर्षांचा, त्या चहाच्या मगाचासुद्धा तिला राग आला. आणि त्याच वेळी तिच्या कानात ज्युलियस म्हणत होता, मला ने.

"टीचर," क्षितिजा पेन सरसावून थांबली होती. "खूप इमोशनल झालेत काका. काय म्हणाले? शेवटी काय बोलले ज्युलियस अंकल?"

रोझमेरीने तिच्याकडे पाहिलं. ही पोर गुणी होती, जे सांगू ते इमानाने लिहिणार होती. ज्युलियसच्या फोटोखाली ते छापून येणार. सव्वीस जानेवारीला शाळेतली पोरं बळीरामकडे बघून कुजबुजणार. आणि ज्युलियस सगळ्या जगासमोर, अनोळखी माणसांसमोर, विनवण्या करत राहणार.

"पहाटेपर्यंत बोलत होता," रोझमेरी म्हणाली. "मग बोलता बोलता त्याला झोप लागली."

"एवढंच? काका तर केवढं बोलले."

"एवढंच. लिही."

क्षितिजाने लिहिलं. यंत्रात खरं होतं ते होतंच; पुढेमागे बोली जाणणारं कुणी ऐकेल तर ऐको. हे दोघं जिवंत असेतो कागदावर ते येणार नव्हतं.

बळीराम टक लावून रोझमेरीकडे बघत होता. मराठी त्याला कळत होतीच की. क्षितिजाने वायरी गुंडाळल्या, आभार मानले, स्कूटर सुरू करून ती गेली. यमुनाने येऊन पंखा लावला आणि कुणाकडे न बघता पेले उचलून नेले.

"तिला खोटं का सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तू आईला का सांगितलंस?"

तो हात जोडायला लागला, तर तिने ते खाली दाबले.

"माफीबिफी आत्ता मागू नको. मला राग आलाय, आणि तो मरेपर्यंत जाईल असं वाटत नाही. उगाच खोटं कशाला बोलू?" ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली. "पण तू म्हणालास, रात्रभर बोलत होता. मला इतकी वर्षं वाटायचं, माझा भाऊ एका क्षणात संपला, त्याचं आता कुठे काही उरलेलं नाही. आणि त्याची अख्खी रात्र तू एकट्याने घेऊन बसलास, बळीराम. ती दे मला. पहिल्यापासून सांग. सेट लावल्यावर पहिलं काय बोलला?"

बळीराम ओशाळला. "तुझं नाव घेतलं असं सांगितलं तर तुला बरं वाटेल. पण पहिल्यांदा त्याने मला शिवी दिली."

"कुठली?"

त्याने ती सांगितली, जशीच्या तशी, ज्युलियसच्या हेलात. घाणेरडी होती, आणि इतकी त्याची होती की रोझमेरीला हसू फुटलं. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तो घाबरून थांबला. तिने पदराने नाक पुसलं.

"थांबू नको," ती म्हणाली. "मग?"