पानावरचा बेगल

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या शेवंतीने बेगल कधी तोंडात घातला नव्हता. तरी वर्षभर ती ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बेगल शोधत फिरली. कुठला खरा आणि कुठला नुसता नावाचा, हे ती बोटाने दाबून सांगायची, नाकाजवळ धरून सांगायची, मोडताना कान देऊन सांगायची. चाखायची मात्र नाही. आधी तो खाईल, मग मी, असं तिने स्वतःशी धरलं होतं. तो म्हणजे ऋतुराज, तिचा मुलगा. आणि ऋतुराज या जगात नव्हता.

हा बेगल म्हणजे कड्यासारखा गोल पाव. मधे भोक, वरून चकचकीत, आतून चिवट. ऋतुराज कंपनीच्या कामासाठी न्यूयॉर्कला होता तेव्हा त्याची सकाळ आणि हिची दिवेलागण एका वेळी व्हायची. देवापुढे वात लावली की शेवंती फोन उचलायची.

"काय खाल्लंस रे?"

"बेगल."

"रोज रोज कसला पाव खातोस? पोटात गोळा होईल."

"अगं आई, पाव नाही तो. चावताना जबडा दुखला पाहिजे, तर तो खरा."

"मग भाकरी वाईट होती का? तीही शिळी झाली की दुखतोच जबडा."

तो हसायचा. ते हसणं फोनमधून तिच्या ओट्यावर सांडायचं आणि तिच्या भाजीला चव यायची.

मग तो कायमचा परत आला. मोहन्याच्या घरात पुन्हा त्याचे बूट दिसू लागले. इथला बेगल त्याने एकदोन ठिकाणी खाऊन पाहिला आणि नाक मुरडलं. "भोक पाडलेला पाव आहे नुसता," म्हणाला. "कुठेतरी मिळत असेल गं चांगला. शोधतो." शोधणं राहून गेलं. एका सकाळी दाढी करता करता त्याच्या छातीत कळ आली. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला आणि मुलगा गेला.

दहाव्याला सगळे कल्याणच्या खाडीकाठी जमले. पिंड मांडला. कावळे होते, भरपूर होते. तारेवर ओळीने बसले होते आणि खाली बघत होते. एकही उतरेना.

धाकू, शेवंतीचा नवरा, कंपनीतून निवृत्त झालेला अबोल माणूस. त्याने हात जोडले. "बाबा, तुझ्या बहिणीचं, रसिकाचं लग्न मी नीट करून देईन. काळजी करू नको."

कावळा हलला नाही.

"तुझ्या आईबापाला आम्ही बघू रे," गंगुबाई म्हणाली. ही धाकूची मोठी बहीण, तोंडाने तिखट, पण त्या दिवशी तिचाही आवाज फुटत होता.

मित्रांनी सांगितलं, मामाने सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "चला, झालं." लोकांनी आंघोळी केल्या आणि आपापल्या वाटेला लागले.

शेवंतीच्या मनातून तो गवताचा कावळा काही जाईना. गवताला काय कळतं माझ्या पोराच्या मनातलं? तो काहीतरी मागत होता आणि एवढ्या माणसांत कुणाला ते ओळखता आलं नाही. मी आई, मलाही नाही.

पुढे एका दुपारी धाकूला चहाबरोबर पाव देताना तिचा हात मधेच थांबला. पानावर आपण पुरणपोळी ठेवली, वडे ठेवले, खीर ठेवली. त्याने मागितलेला बेगल कुणी ठेवला?

त्या दिवसापासून वर्षश्राद्ध हा तिचा एकच मुक्काम झाला. त्या दिवशी पानावर खरा बेगल ठेवायचा. कावळा शिवला पाहिजे. हाडामासाचा कावळा.

रविवारी सकाळी रसिका स्कूटी काढायची, मागे शेवंती पदर खोचून बसायची. धाकटी लेक आईला काही विचारत नसे. पहिल्यांदा त्या डोंबिवलीच्या एका बेकरीत गेल्या. दुकानदाराने काचेच्या मागून साखर लावलेलं गोल काहीतरी काढून दिलं.

"आई, हा डोनट आहे," रसिका म्हणाली.

"काकी, भोक आहे ना?" दुकानदार म्हणाला. "मग तेच समजा की."

"भोक तर बांगडीलाही असतं बाबा," शेवंती म्हणाली. "ती खातोस का?"

कळव्याला बर्फात ठेवलेली पाकिटं मिळाली. घरी आणून गरम केली तर बाहेरून दगड आणि आतून ओला लगदा. ठाण्याला काचेच्या भिंतींचं एक हॉटेल होतं. तिथल्या मुलीने बशीत घालून वाफाळता बेगल आणला. शेवंतीने बोट टेकवलं, तर बोट आत गेलं आणि खड्डा तसाच राहिला.

"रडका आहे हा," ती म्हणाली. "हात लावला की बसतो."

चाखायचं काम रसिका आणि धाकूचं. धाकू एकेक तुकडा गालात धरून बसायचा. वर्तकनगरच्या बाजूच्या एका छोट्या कॅफेतून आणलेला बेगल चावताना त्याची कवळीच निघाली. ती हातात घेऊन तो बोळक्या तोंडाने म्हणाला, "शेवंते, हाच तो!" आणि त्या घरात कितीतरी महिन्यांनी कुणीतरी हसलं. रसिका मात्र हसली नाही. ती सावकाश चावत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"आई, दादा सांगायचा ना, अगदी तसाच आहे."

पण त्याच्यावर कांदा होता, लसूण होता. श्राद्धाच्या पानावर ते कसं चालणार? दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा त्या कॅफेत गेल्या. "आम्ही बनवत नाही," तिथला मुलगा म्हणाला. "वल्लरी मॅडम करतात, इथेच मागच्या कॉलनीत."

वल्लरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. गॅसवर मोठं पातेलं उकळत होतं आणि त्यात पिठाची कडी तरंगत होती. शेवंती चपला काढायच्या आधीच पातेल्याकडे बघत राहिली.

"आधी उकडतेस होय?"

"हो काकू. उकडून मग भाजायचे. म्हणून तर चिवट होतात. लोकांना हा कंटाळा येतो, मग ते नुसते भाजतात."

"अंडं?"

"नाही घालत."

"कांदा-लसूण नको. तीळ लावशील? काळे?"

"लावते की. कुणासाठी हवेत?"

"मुलासाठी."

"अरे वा! केवढा आहे?"

शेवंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मोठा होता," ती म्हणाली.

वल्लरीचे हात पिठातच थांबले. पातेलं तेवढं उकळत राहिलं. मग तिने हळूच विचारलं, "ते बेगलबरोबर काय घ्यायचे काकू? लोणी, की चीज? तेही देते बांधून."

शेवंतीने रसिकाकडे पाहिलं. रसिकाने मान हलवली. इतके फोन झाले, इतक्या संध्याकाळी झाल्या. काय खाल्लंस म्हणून विचारलं. त्याला काय लावून खाल्लंस, एवढं विचारायचं राहिलं. शेवंती मटकन तिथल्या स्टुलावर बसली. वर्षभर फिरताना तिने डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या परक्या स्वयंपाकघरात ते आलं आणि थांबेना. वल्लरी पिठाचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ उभी राहिली.

श्राद्धाच्या दिवशी घरात खीर शिजली, वडे तळले. पान वाढलं आणि वड्यांच्या शेजारी शेवंतीने काळ्या तिळाचे दोन बेगल ठेवले. चकचकीत, घट्ट. लोणी नाही, काही नाही. चुकीचं लावण्यापेक्षा कोरडा बरा.

गंगुबाईने पानात डोकावून पाहिलं. "वहिनी, पानावर पाव? पितर काय स्टेशनवर चहाला आलेत?"

"आक्का," धाकू म्हणाला, "तो तिचा मुलगा आहे. काय वाढायचं ते ती वाढेल."

गंगुबाईने पाण्याचा तांब्या उचलला. सगळे गच्चीवर गेले. कठड्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं. आज नाही शिवला तर? तिने मनात म्हटलं, ऋतू, जेवढं कळलं तेवढं आणलंय रे. आता रुसू नको.

तिने दोन पावलं मागे घेतली नाहीत तोच पंख वाजले. कावळा सरळ पानावर उतरला. खिरीला नाही, वड्याला नाही. त्याने एक बेगल चोचीत धरला. बांगडी उचलावी तसा उचलला आणि समोरच्या झाडावरून पार पलीकडे निघून गेला.

"शिवला! शिवला!" गंगुबाई ओरडली. "सुटला गं बाई माझा पोरगा!" धाकूने हात जोडले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

शेवंती कठड्याशी धावली. वर्षभर तिचा मुलगा कुठेतरी जवळच होता. अडून बसलेला, रुसलेला, काहीतरी मागणारा. रविवारी तो तिला घराबाहेर काढत होता, डोंबिवलीला नेत होता, ठाण्याला नेत होता. आता त्याला काही नको होतं. झाडापलीकडचं आभाळ स्वच्छ रिकामं होतं.

"अरे, एवढी काय घाई?" ती त्या आभाळाला म्हणाली. "थांब ना जरा."

एकेक माणूस जेवायला खाली उतरला. मायलेकीच तेवढ्या वर राहिल्या. पानावरचा दुसरा बेगल रसिकाने उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"आई, त्याने खाल्ला. आता तू खा."

शेवंतीने तो हातात घेतला. एक घास तोडला. दात रुतवावे लागले, मान वळवावी लागली. ती चावत राहिली. खूप वेळ चावत राहिली. जबड्यापासून कानापर्यंत दुखत गेलं आणि गालांवरून पाणी ओघळून तिच्या घासात मिसळलं.

मग तिने तो घास गिळला, उरलेला बेगल पदरात झाकला आणि लेकीकडे न बघता म्हणाली,

"हा नव्हे तो. पुढच्या रविवारी दुसरीकडे बघू."

रसिकाने आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बघू," ती म्हणाली.