वाळ्याचा उतार

आमची कंपनीची खोली पिंपरीच्या माळावर, आणि मागचं अंगण म्हणजे नुसती घसरगुंडी. पावसाळ्यात निम्मा मुरूम खालच्यांच्या दारात जायचा, मग त्यांची तोंडं सुटायची. अशा उतारावर आईने माहेरची, कोकणातली अबोली जगवली होती. जगवली कसली, लाडावून ठेवली होती! खालच्या नळावरून कळशी भरून चढायचं. पाणी ओतलं की ते मुळाशी न थांबता खाली पळायचं. पुन्हा कळशी. पण शाळेच्या वेळी मला उंबऱ्यावर बसवून आई दोन वेण्या घालायची, त्यांत अबोलीचा वळेसर माळायची, आणि मग वर्गात माझ्याएवढा तोरा कुणाचा नसायचा.

पुढे तिचं छातीचं दुखणं बळावलं आणि कळशी माझ्या कमरेवर आली. शाळेला उशीर, मग खाडे. "पोरीला आता घरीच ठेवा," शेजारणी म्हणू लागल्या.  जुन्या गावातून दूध घालायला येणाऱ्या म्हातारीला मग आईने विचारलं, इथे असं काय लावू, की कुणाला बघावं लागणार नाही?

"वाळा लाव, बाई," म्हातारी म्हणाली. "पावसात लाव, आडव्या रांगांनी. एकदा मूळ धरलं की त्यो मातीबी सोडत न्हाई आन् पानीबी मागत न्हाई."

ठोंबही तिनेच नदीकाठून आणून दिले. आईने धापा टाकत, बसत उठत दगडांची आडवी ओळ रचली, वरच्या अंगाला वाळा लावला, आणि जागा करायला अबोली उपटली. मी थयथयाट केला. "दारात गवत कोण लावतं? म्हशी पाळायच्यात का?"

"तुला शाळेत जायचंय," ती म्हणाली. ती स्वतः कुठे निघाली होती, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात आई गेली. वाळा बिनपाण्याचा उभा होता. मला घरी ठेवायचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा वडील म्हणाले, "स्वयंपाकाचं मी बघेन. पाण्याचं तिची आई बघून गेलीय."

शाळा उघडली त्या सकाळी मी सवयीने फणी घेऊन उंबऱ्यावर पाठमोरी बसले. बराच वेळ मागे कुणीच आलं नाही. मग वडील आले. त्यांनी माझ्या केसांचे दोन भाग केले, आणि पुढे काय करायचं ते न कळून तसेच हातात धरून बसले.