चार आणे पाणी

चंद्राबाई गेल्याचं त्यांच्या पोरानं, सुनीलनं बांधावरून ओरडून सांगितलं, तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाय. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, ती हातातली जुडी बांधून मगच उठले. म्हणलं, झोपेचं सोंग घेतलं असंल. जन्मभर घेतलं त्यांनी. डोळे मिटून पडायचं आणि घरात कोण काय बोलतंय ते सगळं ऐकायचं... मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझी आई भेटायला आली होती. चुलीपाशी बसून तिच्याजवळ सासूचं गाऱ्हाणं सांगितलं. या चंद्राबाई कोपऱ्यात घोरत होत्या. आणि सकाळी सगळं सासूच्या कानावर! तेव्हापासून त्यांच्या घोरण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाय. म्हणून त्या दिवशीपण जवळ जाऊन बसले, नाकापाशी हात धरला. मग पटलं.

त्याला आता काही आठवडे झाले. माझी सून म्हणाली, पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लिहितात, तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी म्हणलं, चांगलंच बोलावं लागंल का? ती म्हणाली, खरं बोला. आता खरं बोलायचं म्हणजे... चंद्राबाई माझी थोरली जाऊ. नाशिकला लागूनच आमचा मळा. पूर्वी गाव वेगळं वाटायचं, आता बांधापलीकडं बिल्डिंगी दिसतात. चार भावांत थोरल्याची बायको ती, धाकट्याची मी. मधले दोघं नोकरीला लागले, आपापली वाटणी थोरल्याला देऊन शहरात गेले. माझा नवरा पोरं लहान असतानाच गेला. पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, आल्यावर निंदायचं, मग पोरांच्या पोटाचं बघायचं. रडायला वेळ नव्हता. हे काय मोठेपणा म्हणून सांगत नाय, खरंच नव्हता. त्या दिवसांत चंद्राबाईंकडून कधी वाटीभर आमटी यायची. मी आधी वास घ्यायचे आणि मग विचार करायचे, हिला काय पाहिजे असंल? कारण एकदा पुरणपोळ्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी माझा नवा विळा मागायला त्या स्वतः आल्या. विळा परत आला तो बोथट होऊन. असं असल्यावर माणसानं काय समजायचं?

आमची विहीर एकच. सासऱ्यानं मरायच्या आधी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं की विहिरीत चार आणे धाकटीचे. सोळा आण्यांचा रुपया असायचा, त्यातले चार माझे, बाकीचे बारा थोरल्याच्या घरचे. म्हणजे तीन दिवस पाणी त्यांच्याकडं, चौथ्या दिवशी माझ्याकडं. त्या चौथ्या दिवसावर मी पोरं वाढवली. झेंडू त्याच्यावर, शेवंती त्याच्यावर, मेथी-कोथिंबीर त्याच्यावर. माझ्या पाण्याच्या पाळीला अंगात ताप असला तरी मी वाफ्यात उभी असायचे, कारण माणूस हलला की पाणी दुसरीकडं वळतं, हे मी बघितलेलं होतं.

मग काही वर्षांमागं सुनीलनं नवीन मोटर आणायचं काढलं. मोबाइलवर चालणारा बॉक्स बसवायचा, कोणाला किती पाणी ते त्यात एकदा टाकायचं, मग आपोआप पाण्याचा वॉल उघडतो नि बंद होतो. कोणी रात्री उठायला नको. माझ्याकडं येऊन मांडी घालून बसला, चहा घेतला, म्हणाला, "काकू, तुमचे चार होते ना? मी तुम्हाला वीस टक्के देतो."

चाराचे वीस! एवढं कोण कोणाला देतं? नक्कीच याला माझा खालचा तुकडा पाहिजे, नायतर पोराची सही पाहिजे कशावर तरी. मी म्हणलं, "बघू."

"बघू काय त्यात? परवा फिटर येतोय. भाऊबंदांसमोर तुम्ही फक्त हो म्हणा. एकदा सेट केलं की परत परत बदलता येत नाय, सगळ्यांचं बिघडतं मग."

तो गेला आणि मी रात्रभर त्या विसाला उलटंपालटं करत राहिले. खोट कुठं हाय ते सापडंना. सकाळपर्यंत ठरवून टाकलं, हो म्हणायचं. चारापेक्षा वीस जास्तच की.

त्याच दुपारी चंद्राबाई पाटीभर झेंडू घेऊन आल्या. "इंदे, शंभर फुलांचा हार करून दे."

घरात दोन सुना असताना ही माझ्याकडं का आली? मी विचारलं, "सुनांचे हात मोडले का?"

"त्यांना मोजता येत नाय. तू ओव."

ओवला. त्या समोर बसून सुपारी कातरत होत्या. शंभर झाली म्हणल्यावर म्हणाल्या, "शिकलेली लोकं याला शंभर टक्के म्हणतात. एक फूल म्हणजे एक टक्का. शेकड्यातलं एक. एवढंच असतं ते."

"बरं मग?"

"मग काय? दहा टक्के पाहिजे तर सारखे दहा ढीग करायचे, एक उचलायचा. वीस पाहिजे तर दोन ढीग. पाच पाहिजे तर एका ढिगाचं निम्मं. शंभर असू दे नायतर पाचशे, ढीग दहाच करायचे. आमच्या पोरीला, शोभीला शाळेत साठ टक्के पडले तेव्हा मला वाटलं मास्तरनं शिवी दिली. जाऊन भांडले तर त्यानं खडूचे तुकडे मांडून हे दाखवलं."

मी म्हणलं, "हे मला कशाला सांगताय?"

"सहज. आता हा हार चार जावांत सारखा वाटायचा म्हणलं, तर एकीला किती?"

मी दोरा तोडला. चार ढीग लावले, एकेक फूल टाकत गेले. पंचवीस आली. परत मोजली. पंचवीसच.

"आणि चार जणींतली एक म्हणजे रुपयातले किती आणे गं?"

चार, मी म्हणलं. विसाचे दोन ढीग माझ्या डोळ्यांपुढं आले आणि पाच फुलं बाजूला पडलेली दिसली. पाच फुलं म्हणजे उन्हाळ्यात माझी शेवटची सरी. चंद्राबाई पदर झटकून उठल्या. "हार तोडलास ना? आता परत ओव. उद्या देवाला लागतो." आणि गेल्या. मी फुलं ओवत बसले नि मनात म्हणलं, ही बाई स्वतःच्या पोराच्या उलट कशी जाईल? मला भांडायला लावून वाईट करायचं असंल हिला...

तरी विहिरीवर सगळे जमले तेव्हा मी म्हणलं, "पंचवीस टाक."

सुनील हसला. "काकू, चाराचे वीस करून दिले तरी पोट भरंना?"

"आणे हायत माझे ते. चार आणे म्हणजे पावली. रुपयात पंचवीस पैसे, शंभरात पंचवीस. टाक."

त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "मला आणे कुठं कळतात काकू? मी आपलं राउंड फिगर धरलं." त्याला आणे कळत नव्हते हे खरंच असंल. मला टक्के कळत नाय हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात चंद्राबाई माझ्या अंगावर कडाडल्या, "बघा बघा, कशी शिकून आलीय! कोणी भरवलं गं तुझ्या डोक्यात?" मी बोलणार होते, पण त्यांनी असे डोळे वटारले की मी त्यांचं नाव घेतलं नाय. मग पोराला म्हणाल्या, "टाक बाबा पंचवीस. नायतर ही रांड गावभर सांगत फिरंल."

पंचवीस टाकले गेले. त्यावर आम्ही दोघी परत कधी बोललो नाय.

शेवटी त्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. डॉक्टर सुनीलला त्यांच्यासमोरच म्हणाला, हृदयाचं पंपिंग तीस टक्के राहिलंय. सुनील आईकडं वळून म्हणाला, "सगळं चांगलं हाय म्हणतायत." चंद्राबाईंनी मान हलवली. तो औषधं आणायला गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दहातले सात ढीग गेले इंदे." मी भाताचा घास पुढं केला. म्हणलं, आता नाय तर कधी विचारणार? "बाई, तेव्हा तुम्ही मला का शिकवलं?"

त्यांनी घास गिळला. "हार पाहिजे होता मला," म्हणाल्या आणि डोळे मिटून घोरायला लागल्या.

परवा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. भिंतीला डोकं टेकून त्या रोज जिथं बसायच्या तिथं तेलाचा गोल डाग पडलाय. मी त्यावरच डोकं टेकवलं. तिथून बाकी काही दिसत नाय, झाडांच्या फटीतून फक्त माझ्या वाफ्याचा वॉल दिसतो. एवढी वर्षं त्या माझ्या पाण्याची राखण करत होत्या, का मी जास्त घेते का ते बघत होत्या? सांगता येत नाय. सुनील बाजूला येऊन बसला. "काकू, आता तरी सांगा. विहिरीवरचं ते टक्क्याचं तुम्हाला कोणी शिकवलं होतं? आई मरेपर्यंत म्हणायची, इंदीला कोणीतरी फितवलंय."

मी म्हणलं, "तुझ्या आईनं."

तो खदखदून हसला. "काय पण काकू! आईला कुठं येत होते टक्के? नका सांगू, पण गेलेल्या माणसाच्या नावावर तरी खपवू नका."

खाली वॉल खटकन उघडला, माझ्या सरीत पाणी शिरलं. मी पदर खोचून उठले.