नीलनभतारका

आमच्या मामाला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर सगळे मलाच विचारतात की बायकोला वास येत होता, भाचीला येत होता, मग त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं का नाही. सार्वजनिक बागेत एकतीस वर्षं त्यानं झाडांच्या पाट्या रंगवल्या. रंग आणि टर्पेंटाइन हुंगून हुंगून नाक कामातून गेलं. गॅसवर दूध करपून कोळसा झालं, तरी मामा शेजारच्या खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसतो.

अक्षर मात्र असं, की बघत राहावं. प्रत्येक पत्र्यावर दोन ओळी. वर शास्त्रीय नाव, खाली बोलीनाव, म्हणजे लोक ज्याला जे म्हणतात ते. दोन्ही नावं ऑफिसातून कागदावर लिहून यायची आणि मामा ती उतरवायचा. बागेतल्या झाडून सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या, पण त्यातलं एकही नाव त्याच्या डोक्यातलं नाही. हे त्याला फार लागायचं. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचा, आयुष्यभर दुसऱ्यांचीच नावं लिहिली. मामी म्हणायची, आधी भात संपवा.

निवृत्तीला एक महिना उरला होता. थंडी नुकतीच सरली होती आणि फाटकाजवळच्या वाफ्यात नवीन फुलं आली. लहानशा कांद्यातून उगवणारं, गवतासारख्या पानांचं, सहा पाकळ्यांचं फिकं निळं फूल. अगदी कुणीतरी पट्टीनं आखून चांदणी काढावी तसं. ऑफिसातून कागद आला, त्यावर वरची ओळ भरलेली आणि खालची कोरी. मामा तो कागद घेऊन घरी आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "नीलनभतारका."

आम्हाला वाटलं ऊन लागलं.

पण नाव सुचलं म्हणजे काम झालं, असं नव्हतं. पूर्वी एका साहेबांनी सासूला सुचलेलं नाव परस्पर पाटीवर चढवलं होतं आणि त्यावरून बराच गोंधळ झाला होता. तेव्हापासून नियम होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी साहेब वाफ्याशी उभे राहणार, फाटकातून येणाऱ्या पहिल्या दहा जणांना विचारणार, याला काय म्हणता? जास्त लोक जे म्हणतील ते पाटीवर. म्हणजे मामाला आपलं नाव आधी लोकांच्या तोंडी बसवायचं होतं, आणि हातात होते तीन आठवडे.

मामानं कंबर कसली. सकाळी फिरायला येणाऱ्या एकेकाला तो अडवायचा, वाफ्यात गुडघ्यांवर बसवायचा, पाकळ्या मोजायला लावायचा आणि मग नाव तीनदा म्हणवून घ्यायचा. चहावाला "नीलनभ" पर्यंत यायचा आणि पुढे दम सोडायचा. एका निवृत्त मास्तरांना जमलं, पण ते दुसऱ्या दिवशी विसरले. मामा हटला नाही. सगळ्यांत आधी स्वतः गुडघे टेकून बसायचा.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. रोज संध्याकाळी मामाच्या पँटच्या गुडघ्यांना लसणाचा वास. मामीनं ती पँट माझ्या नाकाशी धरली. तिचं ठाम मत पडलं की हा माणूस डबा दुसऱ्यांना वाटून टाकतो आणि बाहेर कुठेतरी चमचमीत चापून येतो. गुडघ्यांनी कुणी जेवत नाही, हे मी सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायचं ठरवून दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बागेत गेली.

मामा वाफ्यात बसला होता, भोवती आठ-दहा माणसं गुडघ्यांवर. मामी तरातरा गेली, वाकली, एक पान चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

"अहो, ही तर लसणी आहे."

खरंच होतं ते. त्या फुलाच्या पानांना, चुरगळली की, लसणाचा वास येतो. सगळ्यांना तो पहिल्या दिवसापासून येत होता, पण इतक्या नाजूक नावापुढे बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती. आता सगळे खदाखदा हसले. चहावाल्यानं तर सुटकेचा निःश्वास टाकला. आणि गंमत म्हणजे मामानंच लोकांना पानांवर बसवून बसवून तो वास बागभर केला होता. संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या टोकापर्यंत ती लसणी झाली होती.

मामानं मामीशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तर मला सांगायचा. मामी वरवर बेफिकीर, पण भांडी घासताना एकटीच काहीतरी पुटपुटत असायची. मला वाटलं, शिव्या देतेय.

रविवारी दहा माणसं झाली. साहेबांनी वहीतून वाचलं: लसणी नऊ, नीलनभतारका एक. मामाचा चेहरा पडला होता, तो त्या एकावर जरा उजळला. त्यानं साहेबांना विचारलं, कोण हो तो भला माणूस? साहेबांनी पेन्सिलीनं दाखवलं. पलीकडे मामी उभी होती, एका झाडाची पाटी लक्ष देऊन वाचत असल्यासारखी. फाटक उघडायच्या आधीपासून येऊन थांबली होती म्हणे. आठवडाभर भांड्यांशी काय पुटपुटत होती ते मला तेव्हा कळलं, आणि मला रडूच आलं.

त्याच दुपारी मामानं शेवटची पाटी घेतली. वरची ओळ झरझर उरकली. "लसणी" ही तीन अक्षरं लिहायला मात्र दोन तास लावले. वेलांटी दोनदा पुसून काढली. मामी डबा घेऊन बाजूला उभी होती, तिला राहवलं नाही. म्हणाली, राहू द्या आता, लसणीला कशाला एवढा थाट.

मामानं ब्रश खाली ठेवला नाही. आठवड्यानंतर पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"अगं, एवढ्या बागेत आपल्या घरातून गेलेलं एकच नाव आहे. ते वाकडं कसं येऊ देऊ?"

मग त्यानं वाफ्यातलं एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरून बराच वेळ हुंगलं, आणि वास कसा येतोय ते तिला विचारलं. मामी खाली बसून त्याला सांगू लागली.