ज्याची त्याची चावी

टेंभुर्णीच्या धुळाजीची शिवकन्या मेंढरांमागं न जाता कॉम्प्युटरमागं गेली. नवीन जालन्यात एका दुकानावरच्या खोलीत बसून तिनं बियाणं विकणाऱ्यांसाठी बिलाचा प्रोग्राम लिहिला. दोन हजार सात सालापर्यंत तो जाफराबादेपर्यंत चालायला लागला, तसं तिनं दोघांना सोबतीला घेतलं: जाफराबादचाच मच्छिंद्र आणि पुण्यात राहणारी मावसबहीण बेबीनंदा. कोड सगळा शिवकन्येच्या मशीनवर. आत जायला तिघांना पासवर्ड एकच, तिचा. आपलीच माणसं, त्यांना काय अडवायचं?

ऐन मृगाच्या तोंडावर, दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, बिलावर लॉट नंबर उमटायचा बंद झाला. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्यानं तक्रार करायची ती त्या नंबरावरच. शिवकन्येनं दुपारपर्यंत दुरुस्ती केली. पण बिघाड कुणाच्या हातून झाला ते कळेना, कारण मशीनच्या नोंदीत प्रत्येक बदलापुढं नाव तिचंच. बेबीनंदा म्हणे मच्छिंद्रानं केलं, मच्छिंद्र म्हणे बेबीनंदानं. दोघंही काम सोडायला निघाले. एकटीच्यानं तो पसारा आवरणार नव्हता.

शिवकन्येनं तो पासवर्ड बंद केला. आता ज्यानं त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर आपली चावी, म्हणजे अक्षरं-आकड्यांची फाईल, बनवायची. तिचे दोन भाग: खाजगी भाग स्वतःपाशी ठेवायचा, दुसरा शिवकन्येला धाडायचा, त्यावरून मशीन माणूस ओळखणार अन् नोंदीत ज्याचं त्याचं नाव लिहिणार. बेबीनंदानं लगेच बनवली. मच्छिंद्र फुगला. घरच्या माणसानं दारात ओळख सांगायची, ही कुठली रीत, म्हणाला. मग बनवली, अन् मोठ्या मनानं दोन्ही भाग धाडून दिले.

शिवकन्येनं फोन लावला.

"भाऊ, खाजगी भाग मला कशाला धाडला?"

"तुह्यापासून काय चोरून ठेवायचं, ताई?"

"मंग आता तुह्या नावानं मी काहीबी बिघडवू शकते. उद्या लॉट नंबर पुन्हा गेला, तर तू कसा म्हणशील की मी न्हाई केलं?"

पलीकडं कीबोर्ड वाजायला लागला.

"नवी बनवून राह्यलो," मच्छिंद्र म्हणाला. "ती फेक."

पुढच्याच आठवड्यात परत आलेल्या पिशव्यांचा हिशोब दोनदा वजा व्हायला लागला. शिवकन्या नोंद उघडायच्या आत मच्छिंद्राचा फोन. ते माझ्याच हातून झालंय, नाव बघून घे, संध्याकाळच्या आत बराबर करतो. अन् केलंही. त्यानं पुण्यालाही स्वतःच कळवलं. बेबीनंदानं त्याला कपाशीच्या बिलातली स्वतःची एक अडचण विचारली, अन् दोघं तासभर त्यावरच बोलत बसले. काम सोडायची गोष्ट कुणी काढली नाही.

अंबडचा एक दुकानदार प्रोग्राम घ्यायला आला, तेव्हा बिघाड झाला तर कुणाला धरायचं, असं त्यानं विचारलं. शिवकन्येनं खुर्ची त्याच्याकडं फिरवली.

"धरावं न्हाई लागत, काका," ती म्हणाली. "आमचं मानूस आधी फोन करतं."