कालव्यावरची माणसं कालव्यात

परदेशातून परत आलेली माणसं चॉकलेटं आणतात, फ्रिजवर लावायची चित्रं आणतात. आम्ही चौघं किस्से घेऊन आलो. त्याला कारण आहे. आमच्या बोटीचा वेग होता ताशी चार मैल, म्हणजे तब्येतीनं बऱ्या माणसाच्या चालण्याइतका. एवढ्या वेगात कुठलीही घटना तुम्हाला आरामात गाठते आणि टपावर चढून बसते. सात दिवसांत इतक्या चढल्या की आता गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत कुणी भेटलं की विचारतं, "वहिनी, आज कुठला?"

आधी चौघं कोण ते सांगते. एक आमचे हे, सोनवणे साहेब. पस्तीस वर्षं धरणाच्या कालव्यांवर इंजिनिअर. दुसरे आहेर भाऊ, मूळचे देवळ्याचे. ते यांच्याच हाताखाली कालवा निरीक्षक होते. पाणी कुठल्या गावाला पोचलं, कुठे फुटलं, कुणी चोरलं हे मोटरसायकलवरून बघत फिरायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. त्यांची बायको सिंधूताई. आहेर भाऊ कालव्यावर असताना देवळ्याची कांद्याची शेती तिनंच बघितली. आणि चौथी मी, शाळेत भूगोल शिकवायचे.

आमची लेक मुक्ता इंग्लंडमध्ये असते. तिकडे दोनशे वर्षांपूर्वीचे कालवे आहेत आणि त्यांवर लांबट, चिंचोळ्या बोटी भाड्यानं मिळतात. आत झोपायचं, आत स्वयंपाक करायचा आणि बोट आपली आपणच हाकायची. तिनं एक बोट आठवड्यासाठी ठरवली आणि आम्हाला फोनवर कळवलं.

हे म्हणाले, पस्तीस वर्षं कालव्यावर काढली, आता सुट्टीलाही कालवाच का. मग माहिती वाचायला बसले आणि जास्तच नाराज झाले. एक तर बोट चालवायला लायसन्स लागत नाही. दुसरं म्हणजे पाणी वाहत नाही, जवळजवळ उभंच असतं. यांच्या मते तो कालवा नव्हेच, ते लांब तळं.

आहेर भाऊंनी एकच विचारलं, पाणी सोडतात कवा? यांनी सांगितलं की सोडत नाहीत, बारा महिने भरलेलंच असतं. मग भाऊंना आणखी एक सुचलं.

"आणि कांदा?"

"कांदा नाही. नुसत्या बोटी."

भाऊंनी दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचा फॉर्म भरला. माझी खात्री आहे, ते फिरायला आलेच नाहीत. ते तपासणीला आले.

* * *

यांचा कुठल्याही कामाआधी रंगीत तालमीवर विश्वास. एका रविवारी सकाळी हे खडू आणि टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरले आणि बोटीचा आराखडा फरशीवर आखला. साठ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. बोट गेटपाशी सुरू झाली आणि थेट लिफ्टपाशी संपली. आम्हा तिघांना त्या पट्ट्यात उभं केलं. सिंधूताई स्वयंपाकघरात, मी मधे, आहेर भाऊ पुढच्या टोकाला दोर घेऊन. दोर म्हणून त्यांच्या हातात कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. हे मागच्या टोकाला उभे राहून काल्पनिक सुकाणू फिरवत होते.

वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं सिंधूताईला हळूच विचारलं की एवढा लांबट प्लॉट कुठे घेतला.

संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. सामायिक जागेत परवानगीशिवाय सात बाय साठचं आरक्षण आखल्याबद्दल दोन दिवसांत म्हणणं मांडावं. हे लेखी उत्तर द्यायला बसले. विषयाच्या रकान्यात त्यांनी 'बोट' असं लिहिलं, आणि त्यानंतर सेक्रेटरी आमच्याशी फार जपून बोलायला लागले.

* * *

बोट ताब्यात घ्यायला गेलो तर शिकवायला एक पंचविशीतली मुलगी. अर्ध्या तासात तिनं सगळं सांगितलं. मागच्या टोकाला उभं राहायचं, सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे जातं, उजवीकडे ढकलला की डावीकडे. या दोघांनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्याचा मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. त्याचा अर्थ, कळलेलं नाही.

निघायच्या आधी सिंधूताईनं येवल्याची हिरवी रेशमी साडी नेसून बोटीची पूजा केली आणि धक्क्यावर नारळ फोडला. त्या मुलीला अर्धी वाटी दिली. तिनं ती दोन्ही हातांत धरली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तशीच धरून उभी होती. आम्ही दिसेनासे व्हायला वेळ लागला, कारण शंभर पावलांवर बोट झुडपात घुसली.

हे म्हणाले, दांड्यात दोष आहे. आहेर भाऊ म्हणाले, कालव्याचं वळण चुकलंय. दोघांनी आळीपाळीनं प्रयत्न केला तेव्हा बोट कालव्यात आडवी झाली. एक टोक या काठाला, दुसरं त्या काठाला. दोन्ही बाजूंनी बोटी येऊन थांबल्या. तिकडची माणसं हॉर्न मारत नाहीत, चहा करून पीत बसतात. त्यानं अपमान जास्त होतो.

सिंधूताई आत लसूण सोलत होती. ती बाहेर आली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या हातातून दांडा घेतला. थोडं मागं, थोडं पुढं, परत मागं. पाच मिनिटांत बोट सरळ. मी विचारलं, कसं काय जमलं? ती म्हणाली, "ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना असंच असतं, ताई. जिकडं वळायचं त्याच्या उलटं."

ती परत लसूण सोलायला गेली. दोघांनी पुन्हा दांडा धरला. संध्याकाळी मुक्ताला फोनवर सांगितलं की सुरुवातीला जरा त्रास झाला, पण यंत्रणा आता ताब्यात आहे.

* * *

काठाला ठिकठिकाणी बोटी बांधलेल्या असतात आणि त्यांत लोक राहतात. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करायचा, नाहीतर लाटेनं त्यांच्या कपबशा पडतात. हे त्या मुलीनं सांगितलं होतं. मान डोलावण्यात ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आहेर भाऊ दांड्यावर होते. एका बोटीतून पांढऱ्या दाढीचे एक आजोबा बाहेर आले आणि दोन्ही तळवे खाली करून हात वरखाली करायला लागले. भाऊंना फार बरं वाटलं. केवढं अगत्य, असं म्हणत त्यांनी नमस्कार केला आणि मागच्या पाटावर बसले. आजोबांनी हात आणखी जोरात हलवले. भाऊ संकोचून म्हणाले, "बसलो, बसलो."

पुढच्या बोटीतून एक बाई निघाल्या, त्यांनीही तसेच हात केले. मग आणखी एक. भाऊ प्रत्येकासाठी उभे राहायचे, नमस्कार करायचे आणि पुन्हा बसायचे. त्या मैलभरात आमच्यामुळे किती कपबशा गेल्या कोण जाणे. मुक्कामाला पोचल्यावर भाऊंचं मत ठरलं होतं: इंग्रज लोकांबद्दल आपल्याकडे उगाच काहीबाही बोलतात.

* * *

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. तसा तो काही पाऊस नव्हे. इगतपुरीला नोकरी केलेल्या माणसाला त्याचं काय? हे म्हणाले, असा पाऊस आमच्याकडे रजिस्टरात सुद्धा घेत नाहीत. पण टपावर वाळत घातलेली सिंधूताईची पूजेची साडी आत घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. वारा आला, साडी घसरली आणि मागच्या बाजूनं पाण्यात गेली. पाण्याखाली बोटीचा पंखा फिरत होता. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

पंख्यात काही अडकलं तर काढायला बोटीच्या मागच्या भागात एक झाकण असतं. ते उघडायचं, पालथं पडायचं आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालायचा. दिसत काही नाही, चाचपून काम. हे दीड तास तसे पडून होते. हातात पाव कापायची सुरी. हात निळा पडला, ओठ निळे पडले. आहेर भाऊ शेजारी छत्री धरून उभे होते. त्यांच्या मते दोघांनी भिजण्यात अर्थ नव्हता. साडीचे तुकडे एकेक करून वर येत होते आणि मी ते बादलीत टाकत होते. सिंधूताई बघत होती. मला वाटलं रडेल. तिच्या लेकानं पहिल्या पगारातून घेतलेली साडी होती ती.

ती वाकली आणि यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "भाऊजी, काठ जपून काढा. ब्लाउजला होईल."

* * *

आता शेवटचा. हा मी कॉलनीत सांगत नाही, कारण दोघंही तिथे बाकावर बसलेले असतात.

तिकडे कालवा टेकडी उतरतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला एक दगडी हौद, त्याला वर एक दरवाजा आणि खाली एक. बोट भरलेल्या हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि खालच्या दरवाज्यातल्या झडपा लोखंडी हँडलनं उघडायच्या. पाणी उतरतं, त्याबरोबर बोट खाली जाते. पथ्य एकच. वरच्या दरवाज्याच्या आत, पाण्याखाली, एक दगडी उंबरा असतो. बोटीची शेपटी त्याच्यावर राहता कामा नये. राहिली तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो, मागचा उंबऱ्यावर अडकतो आणि बोट उलटू शकते.

चौथ्या दिवशी हे सुकाणूवर होते. आहेर भाऊ हँडल घेऊन खालच्या दरवाज्याशी आणि सिंधूताई दुसरं हँडल घेऊन वरच्या दरवाज्याशी. मी पुढच्या बाजूला स्वयंपाकघरात चहा टाकत होते. पाणी उतरायला लागलं आणि हे हौदाच्या दगडांचे सांधे बघायला लागले. इतकी वर्षं झाली तरी चुना सुटला नाही, असं काहीतरी मला ओरडून सांगत होते. तेवढ्यात बोट हळूच मागे सरकली.

मला कळलं ते चहाच्या पातेल्यामुळे. ते आपलं आपण पुढे घसरायला लागलं. मग कपाटातली ताटं आली. मी दार धरून बाहेर डोकावले तर बोटीचं तोंड खाली आणि मागे हे कुठेतरी उंचावर, दांड्याला लटकल्यासारखे. तोंड पांढरंफटक. ओरडले, "आहेर, पाणी बंद करा."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात कालव्याच्या अगदी शेवटच्या गावात जनावरांना प्यायला पाणी उरलं नव्हतं. पाणी सोडायचा आदेश वरून यायचा होता आणि तो येत नव्हता. आहेर भाऊंनी एका दुपारी स्वतःच गेट उघडलं. जनावरं वाचली. दुसऱ्या दिवशी यांनी भाऊंना मेमो दिला: लेखी आदेशाशिवाय पाणी का सोडले, याचा खुलासा करावा. नियमाला धरूनच होतं ते. पण त्या मेमोनं भाऊंची बढती चार वर्षं अडली. त्यानंतर दोघं लग्नाकार्यात भेटले, शेजारी राहायला आले, रोज सकाळी बरोबर फिरायला गेले. त्या उन्हाळ्याचं नाव दोघांपैकी कुणीही, कधीही काढलं नाही.

तर हे ओरडले, पाणी बंद करा. आणि वरून आहेर भाऊंचा शांत आवाज आला.

"साहेब, लेखी आदेश हाय का?"

यांना फक्त शब्द ऐकू आले. मी खालून बघत होते, म्हणून मला दिसलं की यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच भाऊंचे हात हँडल फिरवायला लागले होते. बोलले ते नंतर. झडपा बंद झाल्या. सिंधूताईनं कुणी सांगायची वाट न बघता वरच्या झडपा उघडल्या, हौद पुन्हा भरायला लागला आणि बोट हळूहळू सरळ झाली. मी पाय दुमडून ओल्या फरशीवर बसले होते. चहा सगळा सांडला होता.

पुढचे तीन पूल दांडा सिंधूताईकडे होता आणि या वेळी कुणी तो परत मागितला नाही.

संध्याकाळी बोट बांधली. आहेर भाऊ बाहेर काठावर बसले होते. हे आत टेबलाशी कालव्याच्या नकाशाच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होते. दोनदा खोडलं. मग बाहेर गेले, कागद भाऊंच्या हातात दिला आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

भाऊंनी चष्मा लावला. मी मागून वाचलं.

"विषय: विनाआदेश पाणी सोडण्याबाबत. श्री. आहेर यांनी त्या उन्हाळ्यात पाणी सोडले, ते योग्य होते. माझा मेमो रद्द समजण्यात यावा. सदर आदेश मागील तारखेपासून लागू राहील."

खाली पूर्ण सही आणि हुद्दा.

भाऊंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. आत सिंधूताईचं कणीक मळणं थांबलं होतं. मग त्यांनी कागद यांच्यासमोर धरला.

"साहेब," ते म्हणाले, "जावक नंबर टाकायचा राहिला."