गप्प बसण्याचं ट्रेनिंग

"सरक गं रेखा जरा," असं म्हणत सुनंदाताई मुलांच्या गोलात बसल्या आणि माझ्या लक्षात आलं, आजची व्हिजिट हातातून गेली.

लोणी भापकरच्या पुढच्या एका वस्तीवरची अंगणवाडी. गोष्ट सांगत होती रेखा, तिथली सेविका. सेविका म्हणजे लहान मुलांना रोज सांभाळणारी, शिकवणारी बाई. अशा पंचवीसेक अंगणवाड्या मिळून एक बीट होतं आणि बीटवर एक पर्यवेक्षिका असते. इथल्या पर्यवेक्षिका म्हणजे सुनंदाताई. मी पर्यवेक्षिकांना ट्रेनिंग देते. बारामतीच्या हॉलमध्ये बोलून झालं की त्यांच्याबरोबर गावोगाव जाते. त्या सेविकेशी कशा बोलतात, तिला काय मदत करतात, ते बघते आणि नंतर त्यांच्याशी बोलते. याला कोचिंग म्हणतात.

रेखाची गोष्ट रेंगाळली होती, हे खरं. सुनंदाताईंनी ती उचलली. कोल्हा झाल्या, कोंबडी झाल्या, खोलीभर रांगल्या. पोरं हसून हसून लोळायला लागली. मीही हसले. सुनंदाताई मूळच्या इंदापूरकडच्या. पंधराएक वर्षं स्वतः सेविका होत्या, मग प्रमोशन मिळून या बीटवर आल्या. मुलांना त्यांच्याइतकं कुणी खेळवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मग माझं लक्ष रेखाकडे गेलं. ती भिंतीला टेकून उभी होती. बोट अजून पुस्तकाच्या त्याच पानात.

परत येताना आम्ही चहाला थांबलो. ताई खुशीत होत्या. "कसं झालं, मॅडम?"

"मुलांचं मस्त झालं. रेखाचं काय झालं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तिला येत न्हाय म्हणून तर मी दावलं."

"ती काय शिकली त्यातून?"

"आता समोर पोरं कंटाळल्यावर मी काय नुसती बघत बसू?"

"हो."

"मग पर्यवेक्षिकेचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "ताई, तुम्ही महिन्यातून एकदा येता. रेखा रोज असते. तुम्ही गेल्यावर पोरं तिला म्हणतात, त्या ताईंसारखं करा. पोरांच्या आयासुद्धा तेच म्हणतात."

ताईंनी चहा तसाच ठेवला. गाडी चालू केली आणि थेट बारामतीलाच थांबवली.

रेखाला तयार करायची मला घाई होती, ती वेगळ्याच कारणासाठी. त्या वस्तीवर एका इंग्लिश नर्सरीची पिवळी व्हॅन यायला लागली होती. पालक डळमळत होते. मुलं कमी झाली तर वस्तीवरची अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीला जोडायची, असं ऑफिसात बोललं जात होतं. म्हणजे बारकी पोरं उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यानं चालत जाणार. म्हणून पालकांना एक सकाळ अंगणवाडीत बोलवायचं ठरलं. येऊन बघा, मग ठरवा.

सुनंदाताईंच्या वरच्या साहेबांचा, प्रकल्प अधिकाऱ्यांचा, मला फोन आला. "सुनंदाबाईंनाच घेऊ द्या कार्यक्रम. रिस्क नको."

"साहेब, रेखा घेईल."

"आणि फसलं तर?"

"सुनंदाताईंनी घेतला तर नक्की फसेल. पालक विचारतील, या बाई उद्या असणार का?"

साहेब म्हणाले, "जबाबदारी तुमची." फोन ठेवला तेव्हा मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. ज्या गोष्टीवर मी हॉलमध्ये तासन्‌तास बोलते, ती आता सगळ्यांसमोर खरी करून दाखवायची होती.

तयारीला आम्ही तिघी बसलो. सुनंदाताईंना मी एकच नियम घातला: सूचना द्यायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा.

त्यांनी सुरुवात केली. "रेखा, तू पोरांशी मोठ्यानं का बोलत न्हाईस?"

"हा प्रश्न नाही, ताई. हे रागावणं झालं."

"बरं. रेखा, तू माझ्यावानी गोष्ट का न्हाय सांगत?"

"हेही तेच."

ताई वैतागल्या. "मग काय विचारू? हिला काय आवडतंय ते विचारू?"

"विचारा की."

"सांग बाई, काय आवडतंय तुला?"

रेखा लाजली. "मला व्हय? भाकरी थापायला आवडतंय."

आम्ही तिघी हसलो. मग सुनंदाताई हसता हसता थांबल्या. ओठावर आलेलं काहीतरी त्यांनी गिळलं आणि हळूच विचारलं, "पोरांना आवडंल का गं?"

रेखाचा चेहराच बदलला. ती बोलायला लागली. मोठी भाकरी, बारकी भाकरी, कुणाची गोल, कुणाची वाकडी. घरात माणसं किती, तितक्या भाकरी. आम्हाला सुचवायला काही उरलंच नाही.

त्या सकाळी खोली भरली. आया, दोन-तीन बाप, आणि दारापाशी खुर्चीवर तात्या. त्यांची नात स्वरा याच अंगणवाडीत होती. व्हॅनवाल्याशी बोलणी केलेल्यांत हे तात्या पहिले.

रेखानं पीठ मळलं होतं. मुलांसमोर गोळे ठेवले आणि एवढी माणसं बघून तिची वाचाच गेली. एका पोरानं पिठाची मूठ उडवली. दुसऱ्यानं उत्तर दिलं. तिसरं डोळ्यात पीठ गेलं म्हणून भोकाड पसरून आईकडे पळालं. मागून कुणीतरी म्हणालं, "हेच चालतंय व्हय हितं रोज?"

रेखानं सुनंदाताईंकडे पाहिलं. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या अर्ध्या उठल्या. मी त्यांना धरलं नाही. धरून काही होणार नव्हतं, ते त्यांनीच ठरवायचं होतं. खोटं कशाला सांगू, माझेही पाय शिवशिवत होते.

ताई खाली बसल्या. पदराचा बोळा मुठीत आवळला आणि रेखाकडे बघून मान हलवली. कर तू, एवढंच.

रेखा खाली बसली. कुणालाच काही बोलली नाही. तिनं एक गोळा घेतला आणि परातीत थापायला लागली. थप, थप, थप. जवळचं पोर बघायला लागलं. मग दुसरं. पीठ उडवणारा हळूच येऊन तिच्या मांडीशी बसला. जरा वेळानं खोलीभर थपथप सुरू झाली.

"ही कुणाची भाकरी?" रेखानं विचारलं.

"माज्या आईची!"

"आईला केवढी लागती?"

"एवडी!"

आता तिचा आवाज सुटला. बापाची भाकरी झाली, आजीची झाली, कुत्र्याची झाली. स्वरा आपली भली मोठी भाकरी दोन्ही हातांवर घेऊन तात्यांपाशी गेली. "तात्या, ही तुमची."

तात्या गालातल्या गालात हसले. "मला दात न्हाईत बाळा. एवढी कशी खाऊ?"

स्वरानं भाकरीकडे पाहिलं, तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मधोमध दोन तुकडे केले. "अर्दी तुमी, अर्दी मी."

"अर्दं कळतंय व्हय हिला!" तात्या खुर्चीतच पुढं सरकले. "हे कुणी शिकवलं?"

"आत्ताच शिकली की," रेखा म्हणाली, आणि खोली हसली. सुनंदाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड बंद.

एक आई म्हणाली, "पण लिहायला कवा शिकवणार? तिकडं एबीसीडी गिरवून घेत्यात."

यावर सुनंदाताईंकडे भरपूर उत्तरं होती. त्या गप्प राहिल्या. रेखा म्हणाली, "वहिनी, ह्या बोटांत आधी ताकद येऊ दे. पेन्सिल त्यांनीच धरायची हाय."

त्या आईला हे पटलं नाही. तिचं पोर व्हॅननं गेलं, आणखीही एक-दोन गेली. बाकीची राहिली. तात्यांनी नातीचं नाव नर्सरीत घातलं नाही. अंगणवाडी जोडण्याचा विषय ऑफिसात पुन्हा निघाला नाही.

साहेबांनी रिपोर्ट मागितला. "सुनंदाबाईंनी नक्की काय केलं त्या दिवशी?"

"काही केलं नाही, साहेब."

"तसं कसं लिहिणार?"

मी 'साहाय्यक पर्यवेक्षण', म्हणजे पाठीशी राहून देखरेख, असं लिहिलं. ते पास झालं.

यातून मी एक शिकले. चांगल्या सेविकेला पर्यवेक्षिका केलं की तिला नव्यानं फार थोडं शिकवावं लागतं. जे तिला उत्तम येतं, ते दुसरीसमोर करायचं नाही, हे शिकवावं लागतं, आणि ते फार जड जातं. पुढच्या बॅचला, इंदापुरात, हा विषय मी सुनंदाताईंनाच घ्यायला सांगितला. पर्यवेक्षिकेनं गप्प कसं बसावं, यावर त्या तासाभरापेक्षा जास्त बोलल्या. कुणाला मध्ये एकही प्रश्न विचारू दिला नाही. मी मागच्या बाकावर बसून होते. मध्ये पडले नाही.